चिलटांचा उन्हाळा

आमच्या घराला पिकणाऱ्या केळ्यांचा वास यायचा. माझ्या शाळेच्या पिशवीला यायचा, आईच्या लुगड्याला यायचा, पांघरुणांना यायचा. वर्गातल्या मुली माझ्याशेजारी बसल्या की त्यांना भूक लागायची, असं त्याच सांगायच्या. आम्हा घरच्यांना मात्र तो वास कधी आलाच नाही. पुढं शिरूरच्या कॉलेजात गेले, हॉस्टेलवर राहू लागले आणि पहिल्या सुट्टीला घरी आले, तेव्हा उंबरा ओलांडताना तो पहिल्यांदा नाकात शिरला. मी तशीच क्षणभर दारात उभी राहिले. आईला वाटलं, पोरगी प्रवासानं थकली.

केडगाव स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर आमचं घर. पुढं ओसरी, मागं स्वयंपाकघर आणि मधे एक बिनखिडकीची खोली. त्या खोलीला आम्ही भट्टी म्हणायचो. आप्पा, म्हणजे माझे वडील, कालव्याकाठच्या बागांमधून केळीचे हिरवे घड आणायचे, भट्टीत एकावर एक रचायचे, कोपऱ्यातल्या मडक्यात गोवऱ्या धुमसत ठेवायचे आणि दार लावून त्याच्या फटी चिखलानं लिंपून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाळलेलं लिंपण ते काठीनं फोडायचे. ठक, ठक, मग मातीची ढेकळं पडल्याचा आवाज, मग आप्पांचा खोकला आणि मग दार उघडल्यावर ओसरीपर्यंत येणारी उबदार वाफ. तेवढ्यात गावातल्या ख्रिस्ती मिशनची घंटा व्हायची आणि पाठोपाठ बायजाआत्याचा आवाज. आत्या आप्पांची थोरली बहीण. ऐन तरुणपणी नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून ती आमच्याकडंच. पिकलेल्या केळ्यांच्या फण्या पाटीत भरून ती स्टेशनवर विकायला न्यायची आणि गाडी दिसायच्या आधीच ओरडायला सुरुवात करायची. आप्पा म्हणायचे, आमच्या बायजाचा आवाज ऐकून गाडीच थांबते, सिग्नलची गरज नाही.

फार पिकलेलं केळं घरातच संपवावं लागायचं. त्यामुळं आमच्याकडं केळं कशात नसायचं ते सांगणं सोपं. दुधात कुस्करून भाकरीबरोबर, कणकेत मळून गुळाच्या पुऱ्यांत, आणि हिरवं असलं तर मोहरी-मिरचीच्या फोडणीत भाजी करून. आई ती भाजी अशी करायची की पाहुणे वांग्याची समजून खायचे. आज शिक्रापूरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते मी. खालून दिवसभर ट्रक जातात, खिडकी उघडली की धूळ. दुकानातून आणलेली केळी सगळी एकाच दिवशी, एकाच रंगाची पिकतात. त्यांना वासच नसतो. पण दोन दिवस टोपलीत राहिली की त्यांच्यावर ती येतात, तांबड्या डोळ्यांची, तिळाएवढी. नात फडकं घेऊन धावते. मी तिला म्हणते, राहू दे गं, आपली माणसं आहेत.

ती चिलटं आप्पांची जन्माची वैरी होती. केळं पिकलं की ती कुठून यायची कोण जाणे. कडुलिंबाचा पाला जाळून, पोती ओली करून झाकून, सकाळ-संध्याकाळ पंचा फिरवून आप्पा त्यांच्यामागं असायचे. गिऱ्हाईक फणी उचलायचं, चिलटांचा ढग उठायचा आणि गिऱ्हाईक फणी खाली ठेवायचं. घरी आलेल्या पाहुण्याशी बोलताना आप्पांचा उजवा हात आपोआप हवेत फिरत असायचा, आसपास एकही चिलट नसलं तरी.

आप्पा हसरे होते, पण त्यांच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली होती. आमच्या घरातल्या पुरुषांना पन्नाशी दिसत नाही, असं ते धरून चालले होते. माझे आजोबा म्हणजे आबा, त्यांचे एक भाऊ आणि आप्पांचे थोरले भाऊ, तिघंही पन्नाशीच्या आतच गेले होते. हे ते रडून सांगायचे नाहीत. यंदा पाऊस कमी आहे, असं सांगावं तसं सांगायचे. आणि पन्नाशी आता त्यांच्यापासून लांब नव्हती. त्यामुळं लांबच्या कामाला ते हातच घालायचे नाहीत. शेजाऱ्यांनी नारळाची रोपं आणली, आमच्यासाठीही दोन आणली, तर आप्पांनी ती परत दिली. नारळ कोण खाणार, म्हणाले. आणि एकच घाई त्यांच्या मागं लागली होती, ती माझ्या लग्नाची. त्यांच्या डोळ्यादेखत झालं पाहिजे, एवढंच ते म्हणायचे. ते असं म्हणाले की आई पदराला हात पुसत मागच्या दारी निघून जायची. पारगावचे मामा, आईचे भाऊ, स्थळं आणायचे. मी शेवटच्या वर्षाला जायच्या आतच कुठंतरी जमवायचं, असं त्या दोघांचं ठरलं होतं. मला पुढं शिकायचं होतं. पण ज्या माणसाला आपण फार दिवसांचे सोबती नाही असं वाटतं, त्याच्याशी भांडायचं कसं, हे मला कळत नव्हतं.

अशात ती उन्हाळ्याची सुट्टी आली. आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायला दाते मॅडम होत्या. पुण्याहून येऊन शिरूरला खोली घेऊन राहिलेल्या; बारीक चणीच्या, बोलताना खडूनं स्वतःचीच साडी पांढरी करून घेणाऱ्या. प्रयोगशाळेत त्यांनी काचेच्या बाटल्यांमध्ये चिलटं पाळली होती. मी पहिल्यांदा त्या बाटल्या पाहिल्या तेव्हा मला हसूच आवरेना. आमच्या घरात ज्यांना पंच्यानं मारतात त्यांना इथं कापसाचं बूच लावून, रवा-गुळाचं शिजवलेलं खायला घालून वाढवत होते. मॅडमना एक प्रश्न पडला होता. पुष्कळ प्राण्यांत मादी नरापेक्षा जास्त जगते, असं पुस्तकात होतं. चिलटांचं मात्र एकसारखं उत्तर येत नाही, असंही होतं. आपल्याकडच्या हवेत, आपल्या रव्या-गुळावर काय होतं, ते आपणच का बघू नये, असं त्या म्हणायच्या. त्यांनी ताजी जन्मलेली चिलटं निवडून तीन प्रकारच्या बाटल्या लावल्या होत्या. एकीत नुसते नर, एकीत नुसत्या माद्या आणि तिसरीत दोघं एकत्र. पण सुट्टीत प्रयोगशाळेला कुलूप लागणार होतं आणि बाटल्यांना दर दोन-तीन दिवसांनी ताजं खाणं लागायचं. कोण नेईल घरी, असं मॅडमनी विचारलं तर वर्गात सगळे खाली बघायला लागले. मी हात वर केला. घरी काय म्हणतील याचा विचार एसटीत बसल्यावर सुरू झाला.

बाटल्या एका टोपलीत, टोपली मांडीवर आणि वरून ओलं फडकं. न्हावऱ्याला कंडक्टरनं फडकं उचलून पाहिलं आणि लोणचं आहे का, विचारलं. मी माश्या आहेत म्हणून सांगितलं. त्यानं फडकं अलगद परत टाकलं आणि पारगावचा पूल येईपर्यंत माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही.

घरी ओसरीवर आप्पा घड तोडून फण्या वेगळ्या करत बसले होते. मी टोपली खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी कोयता बाजूला ठेवला. एक बाटली उचलली, उजेडाकडं धरली. आत तीच ती, तांबड्या डोळ्यांची.

“सुमे,” ते म्हणाले, “आक्खा जल्म गेला माझा ह्यास्नी हाकलण्यात. आन् तू एसटीचं तिकीट काढून घरात आणली व्हय?”

आत्याला इतकं हसू आलं की तिला ओसरीच्या खांबाला धरून खाली बसावं लागलं. आई दारात आली, तिनं काय झालं ते विचारलं आणि तीही हसायला लागली. आप्पांनी दोघींकडं बघितलं, बाटलीकडं बघितलं आणि एकच अट घातली. भट्टीच्या वाऱ्यालाही या बाटल्या जाता कामा नयेत. एक जरी बाहेर आली तर ते सगळ्यांना धूर देणार होते, मलासुद्धा.

म्हणून बाटल्यांचा मुक्काम मागच्या पडवीत झाला, पाण्याच्या माठांशेजारी. चिलटांना फार ऊन सोसत नाही, त्यामुळं फळीपुढं ओलं पोतं टांगलं. नरांच्या बाटलीला निळा दोरा, माद्यांच्या बाटलीला लाल दोरा आणि एकत्र असलेल्यांना दोन्ही दोरे. खाणं शिजवायचं काम आत्यानं आपणहून घेतलं. रवा भाजायचा, गूळ विरघळवायचा, घट्ट व्हायला चायना ग्रास घालायचं आणि निवल्यावर वर यीस्टचे दाणे टाकायचे. गूळ जवळच्या गुऱ्हाळातला, नवाकोरा. पहिल्या दिवशी तिनं त्यात वेलदोडा घातला होता. मी नको म्हटलं तर ती म्हणाली की मुक्या जिवाला बेचव घालायचं तिच्यानं होणार नाही. शेवटी वेलदोडा बंद झाला, पण घरात सगळे त्याला चिलटांचा शिराच म्हणू लागले.

एकदा हा शिरा ताटात निवत ठेवला होता आणि मामा आले. स्थळाची बातमी घेऊन उन्हातनं सायकलवर आलेले, भुकेले. आई पाणी आणायला गेली तेवढ्यात त्यांनी ताटातला अर्धा शिरा संपवला. आत्यानं पाहिलं, पण ती बोलली नाही. खाऊन झाल्यावर मामा म्हणाले, चव बरी आहे पण तूप अगदीच हातचं राखून घातलंय. मग आत्यानं त्यांना तो कोणाचा शिरा ते सांगितलं. मामांनी ताट हळूच लांब सरकवलं आणि त्या दिवशी स्थळाची गोष्ट तिथंच राहिली.

आप्पा पहिले काही दिवस पडवीकडं फिरकलेच नाहीत. मग एका सकाळी मी खाणं बदलत होते तर मागं येऊन उभे राहिले. यातले गडी कोणते आणि बाया कोणत्या, हे कसं कळतं, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना भिंग दिलं. मादी जरा मोठी, तिच्या पोटाला टोक. नर लहान, त्याचं शेवटचं टोक काळं आणि गोल. आप्पा एक डोळा मिटून कितीतरी वेळ बघत राहिले. मग सरळ झाले.

“गडी आधी जाणार,” ते म्हणाले. “बघ तू.”

हे त्यांनी इतक्या खात्रीनं सांगितलं की मी भिंग परत मागायचंही विसरले. तेव्हापासून ते रोज येऊ लागले. भट्टीचं लिंपण फोडून झालं की हात धुवायचे आणि थेट पडवीत. त्यांचं सगळं लक्ष दोन दोऱ्यांच्या बाटल्यांवर. मेलेलं चिलट मी भिंगाखाली धरलं की विचारायचे, गडी का बाई? आणि उत्तराची वाट न बघता मान हलवायचे. आईला हे आवडायचं नाही. ती म्हणायची, माश्यांत जीव गुंतवण्यापेक्षा जेवण तरी वेळेवर जेवा.

वैशाखात एक दिवस फार तापला. पारगावला मामांच्या शेजारी लग्न होतं, आम्ही सगळे जाणार होतो. आप्पा ऐनवेळी म्हणाले की त्यांना जमणार नाही, घडांची गाडी यायची आहे. आम्ही तिघी गेलो. जेवणाच्या पंगतीत मला एकदम आठवलं की पोतं मी सकाळी भिजवलं ते भिजवलं, आता दुपारपर्यंत वाळून कडक झालं असणार. गरम वारा सुटला होता. पहिल्या एसटीनं आम्ही परत आलो. मी पळतच मागं गेले. पडवीत आप्पा पाटावर बसले होते, बनियनवर, घामानं निथळत. शेजारी पाण्याची बादली. ओल्या पोत्यावर ते तांब्यानं पाणी शिंपडत होते आणि दुसऱ्या हातानं सुपानं वारा घालत होते. दोन-चार बाटल्या तर त्यांनी माठाच्या खालच्या ओल्या वाळूत गळ्यापर्यंत बसवल्या होत्या. घडांची गाडी आलीच नव्हती. ती यायचीच नव्हती. आत्यानं ते पाहिलं आणि पहिल्यांदाच काही चेष्टा न करता ती लुगडं बदलायला आत गेली.

त्यानंतर काही दिवसांनी ते घडायला लागलं. दोन दोऱ्यांच्या बाटल्यांत मरणाऱ्या चिलटांत माद्याच जास्त निघू लागल्या. आधी मला वाटलं मी चुकते आहे. आप्पांना तर ते पटेचना. त्यांनी स्वतः भिंग घेतलं, बाटली उन्हाकडं धरली, मला परत परत बघायला लावलं. पण तसंच होतं. अंडी घालून घालून दमलेल्या, पंख फाटलेल्या माद्या आधी गेल्या आणि नर काचेवर वर-खाली चालत राहिले. शेवटी एका बाटलीत नुसते नरच उरले. आप्पांनी आत्याला हाक मारून बोलावलं, आईला बोलावलं. एखाद्या बारशाला बोलवावं तसं बोलावलं. बघा, अजून फिरतायत, म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला भीतीच वाटली.

कारण मला माहीत होतं ते वेगळं होतं. निळ्या दोऱ्याच्या बाटलीत, एकटे ठेवलेले नर या एकत्रवाल्यांपेक्षाही जास्त जगत होते. आणि लाल दोऱ्याच्या बाटलीतल्या, नराशिवाय वाढलेल्या माद्या सगळ्यांना मागं टाकून मजेत होत्या. म्हणजे नर जास्त जगतात असं नव्हतं आणि माद्या जास्त जगतात असंही नव्हतं. शिवाय चिलट ते चिलट आणि माणूस तो माणूस. आप्पांचा तो आनंद मोडायला माझी जीभ रेटत नव्हती. पण खोट्यावर त्यांना उभं करणंही मला जमणार नव्हतं. मी त्यांच्याजवळ पाटावर बसले आणि तिन्ही बाटल्यांचं सगळं नीट सांगितलं. शेवटी म्हटलं, “आप्पा, ही चिलटं आहेत. ह्यांच्यावरून माणसाचं काही सांगता येत नाही.”

आई आणि आत्या दारात उभ्या होत्या. आप्पांनी निळ्या दोऱ्याची बाटली उचलून उजेडाकडं धरली. पोत्यातून पाणी ठिबकत होतं.

“ते मला कळतंय, पोरी,” ते म्हणाले. “पर मी काय समजत व्हतो, की गडी म्हनल्यावर ठरल्यालंच आसतंय. जल्मतानाच. हितं तर सगळी एकाच वाणाची, आन् बाटली बदलली की आयुष्य बदलतंय. म्हंजी वाणात न्हाई. बाटलीत हाय.”

मग आत्या बोलली. एरवी तिचा आवाज स्टेशनपर्यंत जायचा, पण त्या दिवशी ती हळू बोलली.

“आरं, आबाला साप चावला व्हता गुऱ्हाळावर. चुलत्याला ताप आला तर त्यानं डॉक्टर केला न्हाई. आन् थोरल्यानं दारू पिऊन जीव घालवला. ह्यात वाण कुठं आला? त्याच आईबापाची मी हाय की. मी मेले का?”

हे सगळं आप्पांना माहीत नव्हतं असं नाही. आबांना साप चावला तेव्हा ते स्वतः तिथं होते. पण तीन मरणं त्यांनी एका दोरीत ओवली होती आणि चौथ्या जागी स्वतःला धरून बसले होते. आत्यानं ती दोरी त्यांच्यासमोर सोडवली. आप्पांनी तिच्याकडं पाहिलं, मग ते हसले. ते हसणं लहान होतं, थोडं ओशाळलेलं. आई तशीच पुढं आली आणि कधी नव्हे ते सगळ्यांदेखत त्यांच्या शेजारी पाटावर बसली.

पुढं मी कितीतरी वर्षं हाच विषय शिकवला. नर-मादीच्या आयुष्यात फरक का पडतो, तो खाण्यानं कसा बदलतो, उष्णतेनं कसा बदलतो, मीलनाचा आणि अंडी घालण्याचा भार कसा पडतो, हे फळ्यावर आकृत्या काढून सांगितलं. पण आप्पांच्या त्या बाटलीच्या वाक्याइतकं नेमकं वाक्य मला फळ्यापाशी कधी सुचलं नाही. आणि तरीही वर्गात ते वापरायचं धाडस मी केलं नाही, कारण सगळंच बाटलीत असतं असंही नाही, थोडं वाणातही असतंच. आप्पांना त्या दिवशी जेवढं हवं होतं तेवढं त्यांनी घेतलं.

आठवड्यानं मामा परत आले. या वेळी स्थळ पक्कं करूनच आले होते. मुलगा नोकरीला, घरची बागायत, मंडळी येत्या रविवारी बघायला येणार. आप्पा ओसरीवर फण्या मोजत बसले होते, मी आत दाराआड. आप्पा काय म्हणतात याकडं माझे कान. पण बोलली ती आई. आई कधी भावाच्या शब्दाबाहेर गेली नव्हती.

“दादा,” ती म्हणाली, “चिलटांत बी ज्या येगळ्या बाटलीत ठिवल्या त्याच जास्त टिकल्या. सुमीला आजून थोडी वर्सं येगळ्या बाटलीत ऱ्हाऊ दे.”

मामांना काही कळलं नाही. त्यांनी आप्पांकडं पाहिलं. आप्पांनी हातातली फणी खाली ठेवली आणि सांगितलं की रविवारी कोणी येऊ नये, पोरगी शिकणार आहे, पुण्याला जायचं म्हणाली तरी पाठवणार आहेत. घाई कशाची आहे, असंही ते म्हणाले. हा प्रश्न त्यांच्या तोंडून ऐकून मामाच घाबरले. त्यांनी आप्पांची तब्येत बरी आहे ना, असं आईला बाजूला घेऊन विचारलं. मी दाराआड तोंडात पदर कोंबून रडत होते की हसत होते, ते माझं मलाच सांगता आलं नसतं.

कॉलेज सुरू झालं तेव्हा मी बाटल्या परत नेल्या. दाते मॅडमनी सगळं बारकाईनं विचारलं, दोन ठिकाणी माझ्या चुका काढल्या आणि मग म्हणाल्या की हे पुन्हा करून बघू, तुझ्या आत्याला वेलदोडा घालून शिजवू दे, त्यानं काय होतं तेही कळेल. लग्न मी पुढं केलं, माझ्या वेळेनं आणि माझ्या पसंतीनं, आणि सुखाचं केलं. आप्पा पन्नाशी ओलांडून गेले आणि मग साठी, सत्तरी करत गेले. ऐंशीनंतर ते चिडायला लागले की वर कोणीतरी त्यांना मुद्दाम विसरलं आहे. आत्या त्यांच्याही नंतर गेली, शेवटपर्यंत खणखणीत.

पण मला सांगायचं आहे ते त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतरचं. एका सुट्टीत घरी आले तर अंगणात जुनी स्कूटर उभी. आप्पांनी ती दौंडच्या एका ओळखीच्या माणसाकडून घेतली होती. त्यांना साधी सायकलही धड चालवता यायची नाही. रोज दुपारी ते शाळेच्या मैदानावर जाऊन शिकत होते. आत्या मैदानाच्या कडेला बसून त्यांना सूचना करायची, आणि गावातली निम्मी पोरं बघायला जमायची. ते तीनदा पडले, एकदा शाळेच्या कुंपणात शिरले, पण शिकले. परत जायच्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, एसटी नको, मी सोडतो.

चौफुला, पारगाव, न्हावरा करत आम्ही शिरूरला पोचलो. रस्ताभर ते गाणं म्हणत होते आणि मी त्यांच्या सदऱ्याला गच्च धरून डोळे मिटून बसले होते. हॉस्टेलच्या फाटकापाशी त्यांनी मला उतरवलं, केळ्यांची पिशवी हातात दिली, नीट अभ्यास कर म्हणाले आणि निघाले. आता, घराकडं जायला त्यांना चौकात उजवीकडं वळायला हवं होतं. पण मैदानावर त्यांनी सगळ्या फेऱ्या डावीकडं वळतच मारल्या होत्या. उजवीकडं वळायचं त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं आणि येताना तशी वेळही आली नव्हती. ते डावीकडं वळले, पुढं पुन्हा डावीकडं, अख्ख्या बाजारपेठेला वळसा घालून फाटकासमोरून परत गेले. मला बघून त्यांनी हात हलवला. थोड्या वेळानं पुन्हा आले. तोवर हॉस्टेलच्या मुली माझ्याभोवती गोळा झाल्या होत्या. हे कोण, असं त्या विचारत होत्या. माझे वडील, मी म्हटलं. आप्पा तिसऱ्यांदा आले तेव्हा सगळ्या मुलींनी ओळीनं उभं राहून त्यांना हात केला, आणि आप्पांनी दोन्ही हात सोडून आम्हाला नमस्कार केला.